शिल्लक निरंक

सरकारी मराठीत पस्तीस वर्षं काढली, तरी त्या भाषेतले फार थोडे शब्द मला आपले वाटले. ‘उपरोक्त’, ‘तदनुषंगाने’, ‘सविनय सादर’ हे कपाटातल्या डांबराच्या गोळ्यांसारखे शब्द. आहेत म्हणून वास येतो, नसते तर कुणाला आठवलेही नसते. ‘निरंक’ मात्र नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात भेटला आणि जो आवडला तो आवडलाच. रकान्यात लिहायला काहीच नसेल तर तिथे शून्य काढायचं नाही, आडवी रेघ मारायची नाही, ‘निरंक’ लिहायचं. किती शालीन शब्द! नाही म्हणण्यातला सगळा रुक्षपणा त्यानं धुऊन टाकलाय. एखाद्या घरात नातवाचं नाव निरंक ठेवलं, तर बारशाला आलेल्या बायका पाळण्याशी वाकून ‘वेगळंच आहे हो’ म्हणतील आणि अर्थ न विचारता पेढा घेतील. दर तीन महिन्यांनी मी हा शब्द लिहीत आलो. अफरातफरीची प्रकरणे, निरंक. न्यायप्रविष्ट बाबी, निरंक. चोरीस गेलेल्या वस्तू, निरंक. आणि मार्च सरला की सगळ्यांत खालच्या रकान्यात, जरा जास्तच कोरून काढलेल्या अक्षरात, अखर्चित शिल्लक, निरंक. पहिल्या तिन्हींचा अभिमान का वाटावा हे मला लगेच समजलं. चौथ्याचा का वाटावा हे समजायला फार दिवस लागले, कारण मी राजूरचा.

राजूर म्हटलं की नगर जिल्ह्याच्या सपाटीवरचे लोक ‘हां, पेढ्याचं’ म्हणतात. पेढा आहेच. पण अकोले सोडून विठा घाट चढून वर आलात की पेढ्याच्या आधी हवा भेटते. ओलसर, धुरकट, शेणानं नुकत्याच सारवलेल्या अंगणासारखी. पुढे रंधा, शेंडी, भंडारदरा, आणि त्याच्याही पुढे रतनवाडी-घाटघर, जिथे पाऊस पडत नाही, राहायला येतो. गावात आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय, त्यामुळे ‘अनुदान’ हा शब्द आम्हा पोरांना पावसाइतकाच लवकर कळला. मोठी माणसं दोन्हींबद्दल एकाच स्वरात बोलायची. पारावर एकजण विचारायचा, ‘आलं का?’ दुसरा डोंगराकडे बघत म्हणायचा, ‘वर आलंय म्हणत्यात.’ पाऊस की पैसा, हे विचारणाऱ्यालाही नीट ठाऊक नसायचं, आणि सांगणाऱ्यालाही.

मी ज्या कार्यालयात चिकटलो त्याचं नाव सांगत नाही. ते इतकं लहान होतं की कार्यालयाचं नाव सांगणं म्हणजे माझंच सांगणं. सात खुर्च्या, त्यांतली एक कायम रिक्त पदाची. काम एकच, दुसऱ्यांनी पैसा कसा खर्च केला ते बघणं. या कामाचा गोतावळा मोठा आणि खानदानी आहे. वर दिल्लीत नियंत्रक आणि महालेखापरीक्षक, ज्यांना घटनेनंच आसन दिलंय. इकडे मुंबईत लोकायुक्त, जे 1972 पासून आहेत आणि देशात सगळ्यांच्या आधी आपल्याकडे आले. स्थानिक संस्थांचे हिशेब तपासण्याचा कायदा तर पार 1930 चा. लग्नात पंगतीच्या टोकाला एक दूरचा मावसभाऊ बसलेला असतो, ज्याला वाढायला वाढपी विसरतो पण फोटोत तो असतोच, तसं या गोतावळ्यात आमचं कार्यालय. तरी बाहेर आमचा वचक होता. तपासणीला गेलो की पंखा आमच्याकडे वळवला जाई, आणि चहाबरोबर, मागितलं नसताना, बिस्किटं येत. ती खावीत की नाही यावर साहेबांचं एक स्वतंत्र तत्त्वज्ञान होतं. बिस्किट खाल्लं तर आदरातिथ्य, पुडा संपवला तर अनियमितता.

अशा कार्यालयालाही स्वतःचं पोट असतं, ही गोष्ट लोक विसरतात. दुसऱ्याच्या ताटात डोकावणाऱ्यालाही जेवावं लागतं. आम्हालाही वर्षाचं अनुदान मंजूर होई, ते तिमाहीच्या हप्त्यांनी यायचं, आणि ते कसं गेलं याची विवरणपत्रं वर पाठवायची असत. त्यात तिमाहीबरोबर आणखी एक भावंड होतं, चारमाही. मग आठमाही, मग नऊमाही. नव्या माणसाला वाटायचं की सरकारला दिवस गेलेत. ऑगस्टमध्ये चारमाही, डिसेंबरात आठमाही, आणि नऊमाही झाली की साहेबांच्या चेहऱ्यावर खरोखरच बाळंतपणाच्या खोलीबाहेर येरझारा घालणाऱ्या माणसाची कळा यायची. वर्ष बाराचं, हप्ता तिनाचा, आढावा चाराचा. हा भागाकार कोणी आणि कधी केला असेल याचं मला कुतूहल होतं. एकदा जिल्हा वाचनालयात कौटिल्याच्या अर्थशास्त्राचं जुनं भाषांतर हाती लागलं, आणि तिथे उत्तर बसलेलं दिसलं. दिवसाचा, पाच दिवसांचा, पंधरवड्याचा, महिन्याचा, चार महिन्यांचा आणि वर्षाचा हिशेब ताडून बघावा, असं त्यात आहे. चातुर्मास्य! म्हणजे आमची चारमाही दोन हजार वर्षांची. तिची बाकीची भावंडं बहुधा मंत्रालयात जन्मली.

त्या पुस्तकातलं हिशेबाचं वर्ष 354 दिवसांचं आहे आणि ते आषाढात संपतं. ठिकठिकाणचे हिशेबनीस मोहोरबंद वह्या आणि उरलेली शिल्लक घेऊन राजधानीत यायचे, आणि त्यांना एकमेकांशी बोलू न देता एका जागी बसवून ठेवायचं, असा नियम. हे वाचून मी बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसलो. आषाढात घाटघरहून वही घेऊन निघालेला माणूस माझ्या डोळ्यांसमोर आला. डोक्यावर इरलं, इरल्याखाली वही, वहीखाली कोरडी राहिलेली तळहाताएवढी जागा. राजूरच्या बाजारापर्यंत पोचेतो त्याच्या वहीतले आकडे प्रवरेला मिळालेले असणार. आणि न बोलण्याची शिक्षा त्याला कशाला? आषाढात आमच्याकडे पत्र्यावरच्या आवाजात तसंही कुणाला काही ऐकू येत नाही. आपलं आत्ताचं 1 एप्रिलचं वर्ष 1867 पासूनचं, गोऱ्या साहेबानं आपल्या सोयीनं बसवलेलं. त्याआधी ते 1 मेला सुरू व्हायचं. मध्ये एल. के. झा समितीनं जानेवारीपासून वर्ष धरावं असं सुचवलं होतं, कारण पावसाचा अंदाज आल्याशिवाय या देशात कसलाच अंदाज खरा नसतो. ते तसंच राहिलं. एक एप्रिलला कोषागारात नवं वर्ष उजाडतं तेव्हा आमच्याकडे डोंगरउतारावर राब भाजायचं चाललेलं असतं. पालापाचोळा, शेण, काटक्या पसरून पेटवलेल्या, आणि सगळ्या खोऱ्यावर निळसर धूर. बजेट जुळलं की नाही याच्याशी त्या धुराला काही देणंघेणं नसतं.

पण त्या पुस्तकातल्या एका शब्दानं मला खरं धरून ठेवलं. खर्च वजा जाता जे उरतं त्याला कौटिल्य ‘नीवी’ म्हणतो. संस्कृत कोश उघडलात तर नीवी म्हणजे कमरेच्या वस्त्राची गाठही. आता माझ्या आईला संस्कृत येत नव्हतं; मराठीही वाचता येत नव्हतं. पण तिची नीवी तिच्या कनवटीला असायची. लुगड्याच्या निऱ्या खोचतात तिथे, कमरेशी, नाण्यांची आणि घडी घातलेल्या नोटांची एक छोटी गाठ. पदराच्या टोकाला बांधलेले पैसे बाजाराचे. ते सुटत, मोडत, मिठा-मिरचीत जात. कनवटीचे सुटत नसत. ते कशासाठी आहेत हे विचारायची सोय नव्हती. ते ‘आहेत’ एवढंच त्यांचं काम. मी शाळेत असताना सहलीसाठी पाच रुपये हवे होते म्हणून रडलो होतो, तेव्हा तिनं पदर झाडून दाखवला आणि म्हणाली, ‘बघ, न्हाई.’ कनवट तिच्या कमरेला तशीच होती. त्या वयात मला ती लबाडी वाटली. पुढे लेखाशीर्षं पाठ झाल्यावर कळलं की तिनं फक्त एका शीर्षाचा पैसा दुसऱ्या शीर्षाखाली खर्च करायला नकार दिला होता.

घरातही तसंच. मृग लागायच्या आत आमच्या घरी चार महिन्यांची बेगमी व्हायची. गोवऱ्या माळ्यावर, सरपण पडवीत, शेणानं लिंपलेल्या कणगीत भात, मडक्यांत नागली, वरई, खुरासणी. श्रावणात दार उघडून बाहेर बघितलं तर समोरचं आंब्याचं झाडही दिसत नसे, पण आत कणगीवर हात मारला की ती बद्द वाजायची. भरलेल्या कणगीचा तो आवाज मला अजून ऐकू येतो. भादव्यात तो पोकळ व्हायला लागे. तरी नवा भात येईपर्यंत तळाशी चार पायली राहिलंच पाहिजे, हा तिचा नियम. शेजारीण दारात आली आणि म्हणाली, ‘उरलंय का गं?’ तर ‘उरलंय’ म्हणताना आईचा आवाज किंचित वर जायचा. शिल्लक म्हणजे अब्रू.

आणि मी जिथे पगार घेत होतो तिथे शिल्लक म्हणजे गुन्हा. पहिल्या वर्षी फेब्रुवारीत मी उत्साहानं साहेबांना सांगायला गेलो, ‘साहेब, कार्यालयीन खर्चात अकरा हजार वाचलेत.’ साहेबांनी चष्मा काढला. घरात कुणी दगावल्याची बातमी ऐकल्यावर माणूस जसा आधी खुर्चीचा हात धरतो तशी त्यांनी टेबलाची कड धरली. ‘वाचलेत की उरलेत?’ मी म्हणालो, एकच ना साहेब. ते म्हणाले, ‘भाऊसाहेब, तुम्ही अजून गावाकडचेच आहात.’ मग त्यांनी मला तो सिद्धान्त समजावला, जो जगातल्या प्रत्येक लहान कार्यालयाला तोंडपाठ आहे. 31 मार्चला जे उरेल ते परत जातं. परत जाण्याला शासनाचा शब्द ‘समर्पित करणे’. इतका भक्तीनं ओथंबलेला शब्द, पण तो उच्चारताना कुणाच्या डोळ्यांत भाव येत नाहीत, घाम येतो. कारण यंदा समर्पण केलं की पुढच्या वर्षी वरून विचारणा, गेल्या वर्षी लागले नाहीत, मग यंदा कशाला? देवाला नैवेद्य दाखवून ताट परत घेता येतं. इथे दाखवलेलं ताट जातं आणि पुढच्या वर्षी ताटलीच लहान येते.

हे फक्त आमच्याकडचं असतं तर मी लाजेनं गप्प बसलो असतो. केंद्र सरकारच्या 2017 च्या वित्तीय नियमावलीत वर्षाखेरीची खर्चाची घाई आर्थिक औचित्याचा भंग म्हणून नोंदलेली आहे, आणि केंद्रीय खात्यांना शेवटच्या तिमाहीत एक तृतीयांशाहून, मार्चमध्ये पंधरा टक्क्यांहून जास्त खर्च नको अशी मर्यादा घातलेली आहे. ज्या गोष्टीला कुंपण घालावं लागतं तिथे गुरं चरतात, एवढं राजूरच्या पोरालाही कळतं. अमेरिकेत तर दोन अर्थतज्ज्ञांनी मोजूनच दाखवलं की त्यांच्या केंद्र सरकारच्या खरेदीत वर्षाच्या शेवटच्या आठवड्याचा खर्च एरवीच्या आठवड्याच्या जवळजवळ पाचपट असतो. त्यांचं वर्ष 30 सप्टेंबरला संपतं, म्हणजे त्यांचा मार्च एंड आपल्या पितृपक्षाच्या आसपास येतो. तिथेही एखादा भाऊसाहेब असेल. त्यालाही आई असेल.

आमची गंमत आणखी बारीक होती. शासनाच्या खर्चाला उद्दिष्टांचे आकडे असतात. 11 म्हणजे देशांतर्गत प्रवास, 13 म्हणजे कार्यालयीन खर्च, असं. कार्यालयात कुणी ‘अकरात काही नाही’ म्हणालं तर ते घड्याळाबद्दल नसे. आमचं कामच फिरण्याचं, दुसऱ्यांच्या दारात जाऊन वह्या उघडण्याचं. आणि आमचं अकरा दरवर्षी दिवाळीच्या आसपास आटायचं. तेरामध्ये मात्र पाणी हलत नसे. म्हणजे दिवाळीनंतर आमच्यापाशी दुसऱ्यांचे हिशेब तपासायला जायला एसटीचं भाडं नव्हतं, पण आपल्या जागी बसून राहायला लागणारं सगळं काही घेण्याची ऐपत होती. तेरातून अकरात पैसे वळवायचे तर पुनर्विनियोजनाचा प्रस्ताव. तो वर जायचा, आणि वर गेलेल्या गोष्टी खाली कोणत्या ऋतूत येतात याचा अनुभव मला राजूरलाच आला होता. अशाच एका वर्षी आम्ही पडदे घेतले. हिरवे, जाड, पितळी कड्यांचे. खिडक्या तीन होत्या. त्यांतली एक शेजारच्या इमारतीच्या भिंतीवर उघडत होती, तिच्याकडून कुणाला ऊन लागायचं भय नव्हतं. तरी शिल्लक पाच जोडांची होती, म्हणून पाच जोड. 31 मार्चच्या रात्री साडेनऊला कोषागाराच्या व्हरांड्यात, इतर कार्यालयांच्या तशाच घामेजल्या माणसांबरोबर, मी पडद्यांच्या देयकाचा टोकन नंबर मुठीत धरून उभा होतो. कुणी खुर्च्यांचं बिल आणलं होतं, कुणी फिनेलचं. यात्रेत देवदर्शनाच्या रांगेत जसा एक आपलेपणा तयार होतो, तसा तिथेही होता. एकानं मला शेंगदाणे दिले.

त्याच वर्षीची डिसेंबरातली गोष्ट, म्हणजे पडद्यांच्या आधीची. राजूरकडच्या एका लहानशा संस्थेचं दप्तर बघायचं राहून गेलं होतं, आणि आठमाहीत ‘तपासण्या प्रलंबित : एक’ असा डाग दिसत होता. अकरात काही नव्हतं. साहेब म्हणाले, ‘तुमचं गावच आहे. जाऊन या, बिल नंतर बघू.’ नगरहून निघालो, संगमनेर, अकोले, मग विठा घाट. येणं-जाणं मिळून 168 रुपये. संस्थेचं सगळं दप्तर एका पत्र्याच्या पेटीत मावत होतं. ते सांभाळणारा माणूस तेल-डाळ-मिठाची साठावही इतक्या निगुतीनं लिहीत होता की मला एकही आक्षेप सापडेना, आणि तपासणाऱ्याला आक्षेप सापडला नाही तर त्याला जेवण न मिळाल्यासारखं होतं. शेवटी एका पानावर ‘मीठ’ऐवजी ‘मिठ’ लिहिलेलं होतं. तेवढंही मी सोडून दिलं. दुपारी चारला काम संपलं, आणि परतीची गाडी सकाळीच होती.

आई पडवीत सूप घेऊन बसली होती. मला बघून तिला आनंद झाला की संशय आला, हे तिच्या चेहऱ्यावरून सांगता आलं नसतं. ‘कुनी धाडलं?’ म्हणाली.

‘सरकारनं.’

‘घरी यायला?’

‘तपासणीला, आई.’

‘मंग तपास की.’ आणि तिनं हातातलं सूप बाजूला ठेवून मला खरोखरच आत नेलं. कंदिलाच्या उजेडात मी कणगीवर हात मारला. नवा भात आलेला, बद्द वाजली. कोपऱ्यात राखेत कालवलेल्या बियाण्याची तीन मडकी होती, तोंडाला फडकी बांधलेली, फडक्याखाली निंबाचा पाला. जमीन आमची केवढी, ती मला ठाऊक. एक मडकं पुरेसं होतं. सवयीनं मी विचारलं, तीन कशाला? ती म्हणाली, ‘येक पेरायचं. येक मोडलं तर पेरायचं. आन येक दुसऱ्या कुनाचं मोडलं तर द्यायचं.’ तिनं हे अगदी सहज सांगितलं, मिठाच्या डब्यात मीठ आहे असं सांगावं तसं. मी खिशातलं पेन काढलं होतं, ते परत ठेवलं. माझ्या नोकरीत मी शेकडो अंदाजपत्रकं बघितली, त्यांत आकस्मिक खर्चाची तरतूद असायची, पुरवणी मागणी असायची. शेजाऱ्याचं मोडलं तर, अशी ओळ मी कुठे बघितली नाही. पुढे आमच्याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना 2020 ची पद्मश्री जाहीर झाली, गावरान बियाणं जपल्याबद्दल, तेव्हा गावात सगळ्यांना आनंद झाला. मला आनंदाबरोबर थोडं हसूही आलं. शिल्लक ठेवल्याबद्दल शासनानं कुणाचा गौरव करावा, तोही इतका मोठा, हे माझ्या हयातीत पहिल्यांदाच घडत होतं.

त्या रात्री पिठलं, भात, आणि वर खुरासणीची चटणी. सकाळी निघताना तिनं कनवटीची गाठ सोडली. मी बघत राहिलो. ती गाठ सुटताना मी आयुष्यात पहिल्यांदाच बघत होतो. तिनं एक दहाची नोट काढून माझ्या हातावर ठेवली. ‘सरकारचा काय भरवसा,’ म्हणाली.

नगरला परतून मी प्रवास भत्त्याचं देयक भरलं. निघाल्याची वेळ, पोचल्याची वेळ, वाहनाचा प्रकार, तिकिटं सोबत जोडली आहेत. मग मुक्कामाच्या खर्चाचा रकाना आला. तिथे पावती लागते. पिठल्याची पावती नव्हती, आणि दहाची नोट तर उलट्या दिशेनं आली होती. तिच्यासाठी नमुन्यात रकानाच नाही. मी पेन टेकवलं आणि लिहिलं, ‘निरंक’. त्या शब्दावर माझं पहिल्यापासून प्रेम, पण त्या दिवशी तो लिहिताना मला कसंतरी झालं. पंधरा दिवसांनी देयक परत आलं, ‘अनुदान उपलब्ध नाही’. पुढच्या वर्षी सादर करावं तर विलंबाचं कारण जोडावं लागणार, आणि ते कारण माझ्याच कार्यालयाकडून लेखी घ्यावं लागणार. मी नाद सोडला.

आमच्यासारख्यांनाही तपासायला कुणी येतं, हे बाहेरच्यांना खरं वाटत नाही. पडद्यांनंतर दोन वर्षांनी वरच्या कार्यालयातून तपासणी पथक आलं. आम्ही पंखा त्यांच्याकडे वळवला. चहाबरोबर, मागितलं नसताना, बिस्किटं आणली. त्यांच्यातल्या तरुण लेखापरीक्षकानं एक बिस्किट खाल्लं, दुसऱ्याकडे बघितलंही नाही, आणि मग मान वर करून खिडक्या मोजल्या. तीन. मग साठावही उघडली. पाच. साहेबांनी माझ्याकडे बघितलं, मी पडद्यांकडे. तो मुलगा हसला नाही, हे त्याचं मोठेपण. त्यानं फक्त परिच्छेद लिहिला, खिडक्यांच्या संख्येपेक्षा अधिक पडदे खरेदी केल्याचे दिसून येते, खुलासा व्हावा. पन्नास जणांना मी हेच वाक्य वेगवेगळ्या वस्तूंबद्दल लिहिलं होतं. वाचताना कुणी माझाच जुना सदरा घालून समोरून आल्यासारखं वाटलं.

आता मी राजूरलाच असतो. सरकारी पैसा आता संगणकावर, बीम्स प्रणालीतून उतरतो. वर आलंय की खाली आलंय हे कुणी पारावर विचारत नाही, पडद्यावर दिसतं. सकाळी पेपर आला की मी आधी भंडारदऱ्याचा साठा बघतो. 1926 साली पुरं झालेलं धरण, पोटात 11,039 दशलक्ष घनफूट पाणी मावतं, आणि त्यातलं काल किती उरलं हे रोज छापून येतं. कुठल्याही कार्यालयाची शिल्लक इतक्या उघडपणे आणि इतक्या कौतुकानं छापलेली मी बघितली नाही. धरण भरलं की लोक सहकुटुंब बघायला येतात, कणसं खातात, भिजतात. रब्बीचं आवर्तन, उन्हाळी आवर्तन, सगळे हप्ते खालच्या शेतांना सुटतात, तरी मार्चच्या 31 तारखेला उरलेलं पाणी कुणी घाईघाईनं ओतून देत नाही. आई आता नाही. तिच्या तीन मडक्यांतलं एक अजून आहे, रिकामं. मी पेरत नाही, म्हणून.

पाच जोडांपैकी तीन खिडक्यांना लागले, एक बिनदाराच्या कपाटाला. पाचवा जोड बरेच दिवस घडीवरच होता. जुन्या दप्तराला रुमाल म्हणायची आपल्याकडे रीत आहे, पुण्यात पेशव्यांचे कागद अजून तसेच रुमालांत बांधलेले आहेत. मी निवृत्त व्हायच्या आठवड्यात आमच्या शिपायानं प्रलंबित फायलींसाठी कापड मागितलं; मी त्याला तो पाचवा जोड दिला. त्यानं पितळी कडी कापून काढली आणि त्यात एक भारा घट्ट बांधला. पडद्यांबद्दलचा परिच्छेद त्यातच आहे. माझं 168 रुपयांचं देयक, मुक्कामाच्या रकान्यात निरंक लिहिलेलं, तेही त्यातच. मध्ये एकदा नगरला गेलो होतो तेव्हा दारातून बघून आलो. गाठ अजून सुटलेली नाही.